आधी गच्चीचा उतार, मग सोलर

संपादक महाशय,

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या सभेत गळतीचा विषय निघतो आणि दिवाळीनंतर थंडी पडली की गरम पाण्याचा. गच्ची एकच असली तरी या दोन कामांची कोटेशने वेगळी, कारागीर वेगळे आणि वर्गणीही वेगळी. त्याचा परिणाम कर्वेनगरमधील आमच्या बारा सदनिकांच्या जुन्या इमारतीत काय झाला, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमचा जुना सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा संच, सपाट पत्र्याचा होता. उन्हाळ्यात टँकरच्या जड पाण्यावर दिवस काढावे लागत असल्याने त्याच्या तांब्याच्या नळ्यांत क्षार बसले होते आणि नळाला कोमट, तांबूस पाणी येत होते. गेल्या हिवाळ्यात तो काढून काचेच्या नळ्यांचा नवा सोलर बसवला. पाणी तापू लागले, हे विक्रेत्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मात्र जिन्याच्या खोलीची सावली टाळायची म्हणून त्याच्या माणसांनी स्टँड दक्षिणेकडील कठड्यालगत नेला आणि कोब्यात, म्हणजे गच्चीवरच्या गळतीरोधक थरात, भोके पाडून तो बोल्टने आवळला. पावसाचे पाणी उतरण्याची एक मोरी नेमकी त्याच कोपऱ्यात होती. जूनच्या दुसऱ्याच पावसात वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला पोपडे धरले. मोरीची जाळी साफ करायला माणूस पाठवला, तर त्याचा हात स्टँडच्या पायांतून आत जाईना. शेवटी वाकवलेल्या सळईने ओढून काढलेल्या गाळात कबुतरांची पिसे, काचेच्या नळ्यांचे थर्माकोलचे वेष्टण आणि मुळासकट पिंपळाचे एक रोप निघाले.

केवळ एका मोरीचा दोष असता तर वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. आमची गच्ची सुमारे 186 चौरस मीटर, म्हणजे 2,000 चौरस फूट, असून तिच्या मोऱ्यांतून पावसाचे पाणी खाली नेणारे तीन इंची चार पाइप होते. बांधकामाच्या रूढ कोष्टकानुसार ताशी 50 मिलिमीटर पावसात असा एक पाइप सुमारे 41 चौरस मीटर गच्चीचे पाणी वाहून नेतो. पाऊस ताशी 100 मिलिमीटर झाला की हेच क्षेत्र 20 चौरस मीटरवर येते. म्हणजे साध्या जोराच्या पावसातही आमचे चार पाइप अपुरेच होते आणि त्यांतला एक आम्ही स्वतःच्या हाताने झाकून टाकला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. त्या हिशेबाने 100 मिलिमीटरच्या तासाभरात आमच्या गच्चीवर 18,600 लिटर, जवळजवळ दोन टँकर पाणी उतरते. 25 सप्टेंबर 2019 ची आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र पाहिलेल्या पुणेकराला असा तास अशक्य वाटू नये.

म्हणून या वेळी आम्ही क्रम उलटा केला. आधी सोलर खाली उतरवून मोऱ्यांकडे शंभराला एक असा उतार देत कोबा नव्याने केला, कठडा आणि कोबा मिळतात तो कोपरा (वाटा) गोल केला आणि चारही पाइप चार इंची घेतले. त्यानेही ताशी 100 मिलिमीटरचे गणित पुरते जुळत नाही, म्हणून पाचवा पाइप घातला. स्टँड आता कोब्याला भोक न पाडता ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा आहे आणि मोरीपासून माणूस बसून हात घालू शकेल इतका लांब आहे. गरम पाण्याचा जुना गंजका लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा, टाकला व त्यावर उष्णतारोधक वेष्टण चढवले. माझे घर तळमजल्यावर आहे. टाकीपासून तिथवर एक इंची पाइप सुमारे 30 मीटर भरतो आणि त्यात 15 लिटर पाणी मावते. म्हणजे गरम पाणी येण्याआधी जवळजवळ एक बादली गार पाणी सोडावे लागते. पाइपातले गार पाणी टाकीकडे नेणारा परतीचा पाइप आणि छोटा पंप बसवल्यास ही बादली वाचेल, पण तो खर्च वरच्या मजल्यांनी का द्यावा, यावर सभा अडली आहे. ती अडचण मला मान्य आहे, जरी बादली माझी असली तरी.

महापालिकेकडे एक विनंती आहे. सौरऊर्जा, गांडूळखत व पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असल्यास मिळकतकरात 5 टक्के आणि दोन वा अधिक असल्यास 10 टक्के सवलत मिळते. प्रकल्प चालू आहे की नाही हे पाहायला गच्चीवर येणाऱ्या कर्मचाऱ्याने सोलरच्या टाकीबरोबर मोऱ्यांच्या जाळ्याही पाहाव्यात. खाली उतरलेले पाणी पावसाळी गटारात जाते की मैलापाण्याच्या चेंबरमध्ये, हेही त्याच फेरीत तपासावे. आमचे दोन पाइप कित्येक वर्षे मैलापाण्याच्या चेंबरमध्ये सोडलेले होते. मुसळधार पावसात तळमजल्यावरील न्हाणीघराच्या जाळीतून पाणी उलटे का येते, याचा उलगडा आम्हाला तो चेंबर उघडला तेव्हा झाला.

आपला विश्वासू,
तळमजल्यावरील एक सभासद
कर्वेनगर, पुणे