किल्पेकचे चर्च गॉथिक कधी झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील किल्पेकच्या चर्चवरचा लेख वाचला. 'गॉथिक शैलीचा अद्भुत नमुना' हे शीर्षक पाहूनच चहाची चव गेली. इंग्लंडमधल्या हेरिफर्डजवळच्या या खेड्यातले चर्च साधारण ११४० सालचे, नॉर्मन राजवटीतले. गॉथिक शैली त्या सुमारास पॅरिसजवळ सेंट डेनिसला नुकती आकार घेत होती. ती वेल्सच्या सीमेवर काय टपालाने आली? किल्पेकच्या कमानी अर्धगोल आहेत, टोकदार नाहीत. एवढे तरी पाहायचे!

छायाचित्राबद्दल तर बोलायलाच नको. त्यात उंच, निमुळता मनोरा आहे. किल्पेकला मनोराच नाही. म्हणजे चर्चसुद्धा दुसरेच.

मला राग येण्याचे कारण आहे. मुलगी त्या बाजूला नोकरीला असल्याने मी हे चर्च निवांत पाहिले आणि परतल्यावर लेख आपल्याकडेच पाठवला. 'विषय आपल्या वाचकांना जवळचा नाही' असे सांगून तो परत आला. वाचक इतक्यात बदलले वाटते!

माझ्या लेखात निदान दगड तरी होते. छताच्या कडेखाली भिंतभर तांबूस वालुकाश्माचे कोरीव तोडे (भिंतीतून पुढे आलेले आधाराचे दगड) आहेत, पैकी ८५ आजही शाबूत. एकावर कुत्रा आणि ससा गालाला गाल लावून बसलेत. कुत्र्याचे कान असे लोंबतात की हसू आवरत नाही. दक्षिणेच्या दरवाजाच्या खांबावर वेलीत गुरफटलेले दोन योद्धे आहेत, त्यांच्या कपड्यांच्या चुण्यासुद्धा दिसतात. आणि दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी ती प्रसिद्ध स्त्रीमूर्ती, 'शीला-ना-गिग'? आपल्या लेखकाला ती दिसलीच नाही, की सोवळे आडवे आले? लज्जागौरी पाहिलेल्या मराठी वाचकाला तिचा धक्का बसला नसता.

शेवटी 'आपल्याकडे मात्र...' हा परिच्छेद आहेच. परदेशवर्णन त्याशिवाय संपतच नाही! म्हणे, 'इंग्रजांनी सारे जपले'. सोळाव्या-सतराव्या शतकात त्यांच्याच धर्मसुधारकांनी गावोगावच्या चर्चमधले पुतळे फोडले, रंगीत काचा फोडल्या, भित्तिचित्रांवर चुना फासला. किल्पेक त्यातून वाचले, हे त्याचे नशीब. आपल्याकडची हेळसांड मलाही ठाऊक आहे, पण म्हणून त्यांना फुकटची प्रशस्तिपत्रे कशाला?

दुरुस्ती छापावी, ही विनंती. योग्य छायाचित्र हवे असल्यास माझ्याकडे आहे. मानधन नको, नाव मात्र छापा. आणि जाता जाता, शब्दकोड्याची अक्षरे हल्ली इतकी बारीक करता की भिंग घेऊन बसावे लागते. जागा वाचवायचीच असेल तर ती 'आपल्याकडे मात्र'मध्ये वाचवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
पुणे