बाई, तुमची ती फेरीबोट

आदरणीय बाई,

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर त्यातले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने दुरुस्त करून तुम्ही ते मला परत दिलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. गेल्या आठवड्यात प्रबंध सादर केला. त्यातल्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला दीड ओळ आली, आणि ते मनाला लागून राहिलं.

माझं काम काय ते सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणाला होतात, "म्हणजे कोरगुटाचं." हो, कोरगुटाचं. आपल्या खाजनांतलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतलं, जुनं तांबडं भात. बांधातून खारं पाणी आत आलं की बाकीची भातं पिवळी पडतात, कोरगुट तग धरतं. पण उंच वाढतं, वाऱ्यात लोळतं आणि उतारा बेताचा. खार सोसायचा त्याचा गुण गुणसूत्रांवर नेमका कुठे बसलाय ते शोधायला मी कोरगुट आणि जया या जास्त उताऱ्याच्या बुटक्या भाताचा संकर केला होता. भाताच्या गुणसूत्रांच्या १२ जोड्या. त्यांचा नकाशा काढायचा, आणि दोन खुणांमधलं (खुणा म्हणजे गुणसूत्रावरच्या ओळखू येणाऱ्या जागा) अंतर ठरवायचं ते त्या पुढच्या पिढीत किती वेळा एकमेकींपासून सुटतात यावरून.

नकाशा काढताना संगणक विचारतो, हाल्डेन की कोसंबी? सुटण्याच्या टक्क्यांवरून अंतर काढायची ही दोन सूत्रं, ती मांडणाऱ्यांच्या नावांची. मी कोसंबीवर टिचकी मारली, कारण माझ्या आधीच्या मुलीनेही तेच केलं होतं. प्रबंधाआधीच्या सादरीकरणात एका परीक्षकांनी विचारलं, "हेच का?" मी गप्प. "गोव्याच्याच ना तुम्ही?" म्हणाले आणि हसले. ते का हसले ते घरी येताना बसमध्ये, मोबाइलवर शोधल्यावर कळलं. हे कोसंबी म्हणजे आपले दामोदर कोसंबी, १९०७ साली गोव्यातल्या कोसबेनला जन्मलेले! मला ते इतिहासकार म्हणून माहीत. पणजीच्या कोसंबी विचार महोत्सवात दोनदा मागच्या रांगेत बसून आलेली मी. पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना १९४४ साली त्यांनी मांडलेलं सूत्र मी वर्षभर न समजता वापरत होते.

त्याच संध्याकाळी तुमच्या सोप्यावर आले, दहावीच्या गणितानंतर पहिल्यांदाच. तुम्ही जुन्या कॅलेंडरची पानं काढलीत, उलटी केलीत आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. "मी सोडवून देणार नाही हां." मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

मग ती फेरीबोट. दिवाडीचा माणूस सकाळी बोटीने जुन्या गोव्याला गेला, संध्याकाळी परतला. रात्री त्याला घरी बघणाऱ्याला काय वाटेल? मी म्हटलं, तो कुठे गेलाच नाही. "तर मग!" खुणांचंही तसंच. जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात; दोन खुणांच्या मधे अशी दोनदा अदलाबदल झाली की त्या पुन्हा एकत्र दिसतात, आणि आपण ती मोजतच नाही. म्हणून मोजलेल्या टक्क्यांपेक्षा खरं अंतर जास्त. जनुकशास्त्रज्ञ हाल्डेननी १९१९ साली धरलं की प्रत्येक फेरी स्वतंत्र, आधीचीशी तिचा संबंध नाही. कोसंबींनी ध्यानात घेतलं की एकदा बोट पलीकडे गेली की लगेच परत निघत नाही. एक अदलाबदल शेजारच्या दुसरीला अडवते, आणि अंतर वाढत जातं तशी ही अडवणूक सैल पडते.

आर म्हणजे खुणा सुटण्याचं प्रमाण. हाल्डेनच्या समीकरणात एक वजा दोन आर, कोसंबींच्यात एक वजा चार आर-वर्ग. फरक तेवढाच. पण त्याचं इंटिग्रेशन करताना माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. दोनदा चिन्ह चुकलं. तुम्ही चूक दाखवली नाहीत, नुसत्या शेवग्याच्या शेंगा सोलत बसलात. चौथ्या दिवशी लॉगरिदम नीट बाहेर पडला, तेव्हा आतून हाक मारून यजमानांना बोलावलंत. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्यांनी "वा" म्हटलं.

मग आकडे घातले. दोन खुणा २० टक्के वेळा सुटत असतील तर हाल्डेनच्या हिशेबाने अंतर २५.५ सेंटीमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक), कोसंबींच्या २१.२. सुटणं ३० टक्क्यांवर गेलं की ४५.८ आणि ३४.७. दोनच टक्के असेल तर दोघांचं उत्तर जवळजवळ सारखं. माझ्या खुणा विरळ होत्या, म्हणून मला हा प्रश्न टाळता येणार नव्हता. मी लगेच "कोसंबीच बरोबर" असं लिहायला निघाले, तर तुम्ही पेन्सिल काढून घेतलीत. गोंयकार म्हणून त्यांची बाजू घेऊ नकोस, भातात अडवणूक किती ते भातालाच विचार. मग दोन्ही पद्धतींनी नकाशे काढून शेजारी शेजारी ठेवले. परीक्षकांनी पुढच्या खेपेला सगळ्यात जास्त वेळ तेच पान पाहिलं.

बांध फुटून एका हंगामाची रोपं गेली, तेव्हाचं इथे लिहीत नाही. तेव्हा तुम्ही जेवायला वाढलंत, गणिताचा विषय काढला नाहीत, तेही लक्षात आहे.

ते कॅलेंडरचं पान माझ्याकडेच आहे. मागे लॉगरिदम, पुढे तुमच्या अक्षरात गॅस सिलिंडर आल्याची तारीख. रविवारी येते, पेजेपुरते कोरगुटाचे तांदूळ घेऊन.

तुमची,
शेवटच्या बाकावरची