वहीत लिहू नकोस

प्रिय शैला,

तीन महिने उत्तर लिहिलं नाही, आधी कान पकडते. पाठ बरी आहे. पण तुझ्या पत्रातली एक ओळ काही केल्या डोक्यातून जात नाही: दुसरीच्या वर्गात तो मार्शमेलोचा प्रयोग करायचा (समोरचा खाऊ लगेच खाल्ला तर एकच, थोडं थांबलं तर दोन) आणि कोण किती वेळ थांबलं ते वहीत लिहून ठेवायचं. शैले, प्रयोग खुशाल कर, पण वहीत लिहू नकोस. नावापुढे 'उतावळा' लागलं की चौथीपर्यंत पुसलं जात नाही.

आपलं जुनंच भांडण हे. तू म्हणायचीस, धीर अंगातच असावा लागतो. अगं, हा प्रयोग ज्याने केला त्या मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलच्याच १९७० आणि १९७२च्या प्रयोगांत खाऊ समोर उघडा ठेवला की मुलं लवकर हार मानायची. झाकला किंवा मनाला दुसरा चाळा लावला की कितीतरी जास्त थांबायची. मुलं तशीच, फक्त झाकण बदललं! शिवाय २०१८मध्ये ९००हून जास्त मुलांवर पाहिलं, तर थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध आधीच्या अभ्यासांत दिसलेल्याच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी घटला.

मला सगळ्यात लागलेला अभ्यास २०१३चा, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा. २८ मुलं. 'थांब, जास्त छान रंग आणते' असं सगळ्यांना सांगितलं. निम्म्यांना आणून दिले, बाकीच्यांना 'नाहीत गं' म्हटलं. नंतर खाऊचा तोच प्रयोग. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, दुसऱ्या गटातली ३. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी पहिल्या गटात १४पैकी ९, दुसऱ्यात १४पैकी १. लगेच खाणारं पोर हावरट नसतं गं, ते अनुभवातून शिकलेलं असतं.

म्हणून खाऊ राहू दे, बी पेर. काचेच्या ग्लासात आतून ओला टिपकागद लाव, मधे कापूस, आणि घेवड्याचं बी काच नि कागद यांच्यामध्ये अडकव. पाणी तळाला जेमतेम एक सेंटिमीटर. बी बुडालं तर हवा मिळत नाही आणि ते कुजतं. मातीत पेरू नको, कारण मुलं रोज उकरून बघतात आणि कोवळं मूळ तुटतं. काचेतून तीन-चार दिवसांत पांढरं मूळ खाली वळताना दिसतं. पाच-सहा ग्लास जास्तीचे त्याच दिवशी लाव. ज्याचं बी रुजणार नाही त्याला त्यातलं एक उघडपणे दे. नाहीतर सगळ्यात शहाण्यासारखं थांबलेलं मूलच रिकाम्या हाताने घरी जाईल, आणि पुढच्या वेळी कशाला थांबेल?

गोट्यांची बरणी (वर्ग नीट वागला की एक गोटी, बरणी भरली की बक्षीस) ठेवणारच असशील तर आधी १० गोट्यांची, दोन-तीन दिवसांत भरेल अशी. मग २०, मग ४०. पहिलीच ४०ची ठेवलीस तर बुधवारीच वर्गाचं मन उडेल. मिळवलेली गोटी शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाही, कितीही दंगा केला तरी. शुक्रवारचं बक्षीस शुक्रवारीच. तू रजेवर असशील तर गुरुवारीच सांगून ठेव, आणि देणाऱ्या बाईंचं नावही सांग.

आईचा गुडघा कसा आहे? नव्या घराची किल्ली मिळाली का? मंदाला माझा निरोप दे, तिच्यावरचा राग गेलाय.

बी सोमवारी लाव, म्हणजे मूळ शाळेच्या दिवसांतच दिसेल. किती ग्लास लावलेस ते कळव.

तुझीच,
वसू