पेटीवरच्या तीन पट्ट्या

प्रिय काकू,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही हे ठाऊक असून मराठीतच लिहिते आहे. आधी जर्मनमध्ये लिहायला बसले होते. चार ओळी झाल्या आणि ते पत्र अर्जासारखं दिसायला लागलं. दोन वर्षांत तुमच्या भाषेत मी एवढे अर्ज लिहिलेत की आभारसुद्धा 'विनंती की' अशाच सुरात निघतात. तेव्हा आधी हे माझी माणसं वाचू देत. तुम्हाला मी समोर बसून सांगेन, हातवारे करून, जसं आपलं नेहमी चालतं.

आपली ओळख कुकरमुळे झाली. तुमच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊन मला तीन दिवस झाले होते. तुरीची डाळ लावली होती. तिसरी शिट्टी झाली आणि दारावर थापा. उघडलं तर तुम्ही, पायात घरातल्या सपाता, हातात पाण्याने भरलेली बादली. आग लागली असं वाटून सत्तरीतली बाई बाहेर पळायचं सोडून बादली घेऊन वर येते, हे फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "ही आपल्यातलीच दिसते."

मी झाकण काढून दाखवलं. तुम्ही वाकून वास घेतलात, शिट्टीचं वजन बोटांत धरून पाहिलंत आणि म्हणालात, "पापां!" मला वाटलं माझ्या वडिलांची चौकशी करताय. म्हटलं, कराडला असतात. तुम्ही हसत सुटलात, आणि दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून फुल्डा नदीच्या काठावर नेलंत.

तो दनी पापां, फ्रेंच माणूस. प्रॉटेस्टंट असल्यामुळे मायदेशी परतायची सोय उरली नव्हती. 1679 मध्ये त्याने लंडनला हाडंसुद्धा मऊ शिजवणारं घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं, आपल्या कुकरचा खापरपणजोबा. वाफ कोंडून भांडं फुटू नये म्हणून झाकणावर वजनाची झडप बसवायची युक्तीही त्याचीच. सप्टेंबर 1707 मध्ये हा माणूस चाकाच्या वल्ह्यांची होडी घेऊन घरच्यांसह कासेलहून निघाला. फुल्डातून वेझर, वेझरमधून ब्रेमेन, तिथून लंडन असा बेत. पण तुमच्या या गावाशी, म्युंडेनला, फुल्डा संपते, आणि वेझरवर हक्क इथल्या नावाड्यांचा. पुढे जायचा परवाना लागणार म्हणून त्याने लाइब्निझसारख्या नामांकित तत्त्वज्ञाला शब्द टाकायला लावला होता. परवाना आला नाही. नावाड्यांनी होडी ताब्यात घेतली आणि फोडून टाकली. लोक सांगतात की ती वाफेवर चालणारी होती. तुम्ही ठासून सांगितलंत की नव्हती, चाकं हातानेच फिरवायची होती. पण फोडली हे खरं.

लाइब्निझची ओळख असून त्याचं काम झालं नाही तिथे माझं काय होणार, असं मी गमतीत बोलून गेले. तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, "तुझं काय अडलंय?"

काय अडलं होतं ते सगळं इथे उगाळत नाही. आधी मी दुसऱ्या गावात राहत होते. तिथल्या घरमालकाने माझं नाव पत्रपेटीवर लावलंच नाही. लावतो, लावतो म्हणत सहा महिने गेले. वर सल्ला, "एवढं लांब नाव मावत नाही, छोटं कर." जर्मनीत पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, आल्या वाटेने परत पाठवतो. माझ्या राहण्याच्या परवान्याचं पत्र असं दोनदा परत गेलं आणि कचेरीने मी त्या पत्त्यावर राहतच नाही असं धरून टाकलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी एकदाही मान वर केली नाही. त्यांच्या संगणकात माझं नाव बाबांच्या नावाच्या मधोमध तुटलेलं होतं. अर्धे बाबा आत, अर्धे बाहेर. ते दाखवलं तर उत्तर आलं की रकाना तेवढाच आहे. आणि आपल्यातलेही कमी नाहीत हो. एका मराठी गृहस्थांकडे रडायला गेले तर ते म्हणाले, "मधलं नाव मिरवायचंच कशाला? इथं कोण विचारतंय बापाचं नाव?"

तिकडे कराडला बाबा अंथरुणावर होते. परवाना हातात नसताना जर्मनी सोडली असती तर परत येता आलं नसतं.

हे सगळं मी तुम्हाला मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. तुम्ही सहानुभूतीचं काही बोलला नाहीत. खाली गेलात, चष्मा, शाईचं पेन आणि जाड कागद घेऊन आलात आणि म्हणालात, "पूर्ण नाव सांग. सावकाश." माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. रोमन लिपीत 28 अक्षरं. पेटीवरच्या खाचेत त्यातली दहाच मावत होती. मी सवयीने म्हटलं, मधलं सोडा. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. मग कागदाच्या तीन पट्ट्या कापल्यात, तीन नावं तीन पट्ट्यांवर लिहिलीत, जुन्या शाळेतल्या वळणदार अक्षरात. पहिली खाचेत सरकवलीत. दुसरी तिच्याखाली पत्र्यावरच चिकटवलीत, तिसरी त्याखाली, आणि पावसाने शाई ओघळू नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी. अंगठ्याने घासून तिचे बुडबुडे काढत तुम्ही पाच मिनिटं तिथे उभ्या होतात. थंडी होती. हातमोजे तुम्ही काढून ठेवले होते.

पुढे तुम्ही माझ्याबरोबर कचेरीत आलात, पत्रं लिहिलीत, फोन केलेत. त्याचे आभार आहेतच. पण मला आठवतो तो तुमचा लाल झालेला अंगठा.

कागद यायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत तुम्ही मला घरात कुढत बसू दिलं नाहीत. दर शनिवारी गाव दाखवलंत आणि दर शनिवारी रात्री मी ते गाव फोनवरून बाबांना दाखवलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नदी म्हटली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी किती आहे?"

तुमच्या गावाच्या नावानेच त्यांना पहिल्यांदा हसवलं. हान. म्युंडेन. 'हान' आणि मग टिंब. म्युंडेन म्हणजे नद्यांच्या मुखाशी वसलेलं. वेझरच्याच काठी खाली मिंडेन नावाचं दुसरं गाव, त्याच्याशी गल्लत होऊ नये म्हणून 'हानोफर्श' हे शेपूट पुढे लावलं, मग ते लांब पडतं म्हणून छाटलं, आणि आता सरकारदरबारी नाव आहे ते हे छाटलेलंच, टिंबासकट. बाबा म्हणाले, "त्यांनी गावाला सोडलं नाही, तुझं काय घेऊन बसलीस!"

मग तुम्ही मला टांत्सवेर्डर बेटाच्या टोकावर नेलंत, संगमावर. एका बाजूने थ्युरिंगियाच्या जंगलातून आलेली वेर्रा, दुसऱ्या बाजूने ऱ्होनच्या डोंगरातून आलेली फुल्डा. तिथल्या दगडावर 1899 सालची तारीख आणि चार ओळी कोरल्यात: दोघी इथे एकमेकींचं चुंबन घेतात, त्यापायी दोघींना आपापली नावं गमवावी लागतात आणि वेझर जन्मते, थेट समुद्रापर्यंत जर्मन. (शेवटच्या शब्दांत कैसरच्या काळाची ऐट आहे. ऱ्हाइन शेवटी परक्या देशात जाते, ही नाही, असा तो टोमणा.) कराडच्या पोरीला संगमाचं काय कौतुक, असं मनात म्हणत गेले होते. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, प्रीतिसंगम म्हणतात त्याला, आणि पुढे नाव राहतं ते कृष्णेचं. कोयना तिथे संपते. बाबांना दगडावरचं सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोघींचंही जातं? निदान न्याय तरी आहे."

पुढच्या शनिवारी हे तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही बोट हलवलंत. दगड खोटं बोलतो म्हणालात. वेर्रा आणि वेझर हा मूळचा एकच शब्द. वरच्या अंगाच्या लोकांच्या जिभेवर त्याचं वेर्रा झालं, खालच्यांच्या जिभेवर वेझर. म्हणजे वेर्राचं काहीच गेलं नाही, ती तशीच पुढे वाहते. नाव गेलं ते एकट्या फुल्डाचं. त्या रात्री बाबा खोकला येईपर्यंत हसले. "म्हणजे शेवटी कोयनाच की गं!"

वेर्रा खारट आहे हे मात्र त्यांना पटेना. वरच्या अंगाला पोटॅशच्या खाणी आहेत, त्यांचं क्षारांचं पाणी शंभर वर्षांहून जास्त काळ नदीत येतंय, म्हणून सांगितलं. "आणि कोणी काही बोलत नाही?" बोलतात हो बाबा. आपल्याकडे बोलतात तसंच.

गावाचा पैसा कुठून आला तेही त्यांना हवं होतं. ती नगरपालिका, लाकडी चौकटीत माती भरून बांधलेली 700 हून जास्त घरं, सरदाराचा असावा तसा ड्यूकचा वाडा, हे सगळं कशावर उभं राहिलं? तुम्ही सांगितलंत ते मी सांगितलं: 1247 सालापासूनचा हक्क. नदीतून येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने इथे माल उतरवायचा, तीन दिवस गावाला विकायला ठेवायचा, उरला तर पुढे न्यायचा. संगमापाशी पात्रात खडक आणि उथळ पाणी असल्याने होड्या बदलाव्या लागतच, त्याचाच गावाने कायदा करून घेतला. जवळजवळ पावणेसहाशे वर्षं हे चाललं. बाबा म्हणाले, "जकात नाका!" पापांची होडी याच नाक्यावर अडली होती हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं.

पुराच्या खुणा त्यांनी तीनदा विचारून घेतल्या. सेंट ब्लासियस चर्चच्या भिंतीवर 1342 च्या जुलैतल्या महापुराची नोंद आहे, ती तुम्ही मला छत्री मिटवून टोकाने दाखवली होतीत. जुलैत पूर म्हटल्यावर त्यांना ते गाव एकदम जवळचं वाटायला लागलं.

आणि तो डॉक्टर आयझेनबार्ट. नगरपालिकेवरचं घड्याळ वाजलं की झरोक्यातून त्याची बाहुली येते आणि रोग्यावर काहीबाही अघोरी उपचार करते, खाली पर्यटक हसतात. तुम्ही कधी हसला नाहीत. हा माणूस 1727 च्या नोव्हेंबरात तुमच्या गावात वारला. मोतीबिंदू काढायचा, मूतखडे काढायचा, अंतर्गळ बरा करायचा, त्या काळातला हातखंडा शल्यविशारद. पण गावोगावच्या बाजारात वाजंत्री आणि डोंबारी घेऊन फिरायचा, त्यामुळे 1800 च्या सुमारास विद्यार्थ्यांनी त्याच्यावर थट्टेचं गाणं रचलं आणि भोंदू वैद्य म्हणून तो कायमचा बदनाम झाला. "ज्यांना त्याने डोळे दिले त्यांनी गाणी रचली नाहीत," असं तुम्ही घड्याळाकडे पाहत पुटपुटलात. हे पत्र लिहायचं तेव्हाच मनात आलं असावं. सांगलीत 2019 च्या पुरात माझ्या मावशीला दोरीने वर ओढून घेणाऱ्या घरातल्यांचं नावसुद्धा आम्ही विचारलं नाही. तिने त्यांच्याकडे चार दिवस भाकरी खाल्ली. खिडकीपलीकडून मान वर न करणाऱ्या बाईंचं नाव मात्र मला पाठ आहे.

कागद आला त्या दिवशी पुन्हा दारावर थापा. या वेळी हातात बादली नव्हती, पाकीट होतं. पेटीत पडलं होतं, तीन पट्ट्यांच्या मागे. तुम्ही ते उघडलं नव्हतं, पण रडून झालं होतं तुमचं.

चौथ्या दिवशी मी कराडला होते. बाबांना नीट बोलता येत नव्हतं. मी फोनमधला तुमच्या पेटीचा फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा मागितला. मधल्या पट्टीवर बोट ठेवून तो मोठा करायला सांगितला, मग आणखी मोठा. मग आईला म्हणाले, "अक्षर बघ कसलं आहे." नऊ दिवसांनी गेले.

आता मी कासेललाच राहते, नोकरीच्या जवळ. मागच्या महिन्यात तुमच्याकडे आले तेव्हा पट्ट्या तशाच होत्या. काढल्या का नाहीत विचारलं, तर म्हणालात, एखादं चुकलेलं पत्र येईल. वरच्या मजल्यावर आता नवीन कोणी येईल काकू. त्यांचं नाव लावायला जागा लागेल. माझी पट्टी काढा, आडनावाची काढा. चिकटपट्टीला कोमट पाण्याचं फडकं लावलंत की सुटेल. मधली तेवढी न फाडता काढा आणि पाकिटात घालून मला पाठवा. इथल्या पेटीवर पूर्ण नाव लावलंय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची