गाडी द्यायला तीन आठवडे का लागले

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय भावा,

तुझे मिस्ड कॉल बघितले, फोनवर सांगून तुला पटणार नाही म्हणून निवांत लिहायला बसलोय. आपली कॅम्पर व्हॅन, आत बेड-ओटा असलेली, आणि काकूंना घेऊन तू आंबा घाटानं रत्नागिरीला उतरणार, घरचं अंथरूण, घरचा चहा, लॉजची कटकट नाही, हे सगळं मला पण लय आवडलंय रे. पण गाडी तीन आठवडे अडकली त्याचं कारण मीच आहे, पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, नाही. पासिंग अर्ध्या दिवसात झालं.

गाडी 2010 ची, पंधरा वर्षं भरली, म्हणजे आरसी, गाडीची नोंदणी, रिन्यू करायची होती. फॉर्म 25 भरायचा, मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो, पर्यावरण कर भरायचा, पीयूसी, इन्शुरन्स, नवी नंबरप्लेट, आणि गाडी तपासायला न्यायची. झालं की पुढं पाच वर्षं आरसीकडं बघायला नको. आरसीवर आपली गाडी कॅम्पर व्हॅन म्हणूनच चढलेली आहे म्हणून निभावलं. नुसत्या व्हॅनमध्ये घरच्या घरी बेड-ओटा बसवून कोण फिरत असेल तर त्याला सांग आधी कागद नीट कर, आरसीवर एक आणि गाडीत भलतंच असलं की रस्त्यावर कुठंही अडवतील.

खरी गोष्ट गेल्या पावसाळ्यानंतरची आहे, ती तुला कधी सांगितलीच नाही. आंब्याहून साखरप्याकडं उतरत होतो, पाण्याची टाकी भरलेली, मागं सगळा संसार, आणि मी शहाणा चौथ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवून चाललेलो. सहा-सात वळणं झाली आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागलं. पुढच्या वळणाला तर खालपर्यंत गेलं. पंपिंग करत, गिअर पाडत, हँडब्रेक ओढत कशीबशी कडेला घेतली. हात थरथरत होते. बायको एक शब्द बोलली नाही, पोराचा हात धरून खाली उतरली आणि दगडावर जाऊन बसली. अर्ध्या तासानं पेडल पुन्हा कडक, जसं काय झालंच नाही. आणि भावा, त्याच्या दोनच महिने आधी एका गॅरेजनं बिलावर ब्रेक सर्व्हिस लिहून पैसे घेतले होते.

म्हणून ह्यावेळी गाडी उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडं लावली आणि रोज तिथं जाऊन उभा राहिलो. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम काढला तर त्याला घासून गाडी थांबवणारे लायनर रिबिटापर्यंत झिजलेले, रिबिटांनी ड्रमला आतून गोल रेघा पाडलेल्या, नखाला लागतील एवढ्या खोल. लायनर ढकलणारा व्हील सिलिंडर पाझरून सगळी धूळ चिखलासारखी चिकटलेली. हा ड्रम त्या सर्व्हिसच्या वेळी कुणी उघडलाच नव्हता, नटावरचा गंज सांगत होता. मग मिस्त्रींनी बाटलीत जुनं ब्रेक ऑइल काढून दाखवलं, अक्षरशः कोरा चहा, आणि शेजारी नवं, मधासारखं स्वच्छ. ते म्हणाले ह्या ऑइलला हवेतला ओलावा ओढायची खोड असते. नवं डॉट 3 दर्जाचं ऑइल 205 अंशाला उकळतं, पाणी मुरलं की 140 ला. घाटात ब्रेक तापला की उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. साखरप्याच्या वर माझं हेच झालं होतं. आपल्याकडं चार महिने भिजका पाऊस, त्यात ही गाडी महिनोन्महिने दारात उभी, दोन वर्षांनी ऑइल बदलायलाच पाहिजे होतं, मी सहा वर्षं हात लावला नव्हता.

ड्रम लेथवर टर्न करून आणले, चारी चाकांचे लायनर, दोन व्हील सिलिंडर, होजपाइप, सगळं नवं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मी आत बसून पेडल मारत होतो, खालून मिस्त्री ओरडायचे दाब, धर, सोड, दुपारभर तेच. मांडी भरून आली पण एकही बुडबुडा ठेवला नाही त्यांनी.

टायर दिसायला चांगले होते, नक्षी भरपूर, मिस्त्रींनी चार आकडे दाखवले, 3116, म्हणजे 2016 सालचा एकतिसावा आठवडा. बाजूला केसासारख्या चिरा. बदलले, स्टेपनीसकट. खर्च लागला, लागू दे.

मग शिरोलीला वजनकाट्यावर घेतली, कारण गाडी डावीकडं कललेली दिसत होती. पाण्याची टाकी 120 लिटरची, डाव्या अंगाला, म्हणजे भरली की 120 किलो एकाच अंगाला. डावा पाटा, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, बसलेला होता, सेट बदलला. तू घाट उतरताना टाकी पाव भरच ठेव, पाणी काय खाली पण मिळतं.

गॅसचं मात्र नीट वाच, काकू ओट्यापाशी असणार. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्यात फरशीला जाळी दिलेली असते. मी वाकून बघितलं तर जाळीवर मॅट! पोराच्या पायाला गार लागतंय म्हणून मीच अंथरलेली. मॅट कापून टाकली, नळी नवी बसवली, साबणाच्या फेसानं प्रत्येक जोड तपासला. चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद, रात्री झोपताना बंद, आणि शेगडी पेटवली की खिडकी उघडी. ह्यात तडजोड नको.

ह्या सगळ्यानंतर आरटीओला नेली. लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, रिफ्लेक्टर बघितले, चेसिस नंबर घासून पुसून कागदावर पेन्सिलीनं उतरवून घेतला. साहेब ब्रेक बघून काही बोलले नाहीत, आणि मला त्याचं काय वाटलं तुला कसं सांगू, मला बाहेर येऊन दोन मिनिटं थांबावं लागलं.

बघ भावा, शनिवारी गाडी घे, पण सकाळीच ये. आधी मी शेजारी बसतो, पन्हाळ्याला चढू आणि उतरू. ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतरायचं, ब्रेक दाबून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. तुझ्या पायाला पेडल कसं लागतंय ते तू मला सांग. मग दुपारी आमच्याकडं तांबडा-पांढरा, काकूंना पण घेऊन ये, त्यांना बेड कसा उघडायचा ते बायको दाखवेल.

तुझाच,
मी

ता. क. हँडब्रेक आता तिसऱ्या दातालाच धरतोय, जोरात ओढू नकोस.