ट्यूबचं नाव विचारू नकोस

बाळ्या मेल्या,

तुझा मेसेज बघितला, जांघेचा फोटो पाठवायची काय गरज होती रे, मी जेवत होतो. आणि खाली लिहिलंयस, "तुझी ती जादूची ट्यूब कुठली, नाव टाक." नाही टाकणार. का ते ऐक, मेसेजात मावणार नाही म्हणून पत्र.

मार्चमध्ये ओले काजूगर सोलायला बसलो. आई हाताला राख चोळून बसते, मी शहाणा, तसाच. चीक लागून दोन्ही हातांची सालं निघाली, रात्रभर खाज. वेंगुर्ल्यात स्किनच्या डॉक्टरकडे गेलो, त्यांनी क्लोबेटासॉल दिलं, लाली-सूज दाबणाऱ्या स्टिरॉइड मलमांतला सगळ्यात स्ट्राँग प्रकार. मापही दाखवलं, तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ पिळायची, ती साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. दहा दिवस लाव आणि बंद कर. चौथ्याच दिवशी हात शांत. तीच तुझी जादू.

उरलेली ट्यूब फ्रिजवर राहिली. जूनमध्ये पाऊस लागला, चड्ड्या वाळेनात, जांघेत लाल गोल उठला. म्हटलं खाज ती खाज, लावली. दोन दिवसांत सगळं गायब, सोडली की दुप्पट, परत लावली, ट्यूब संपली तर मेडिकलवाल्याने न विचारता दुसरी दिली. ही मलमं शेड्यूल एच या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पण विचारतो कोण! गणपतीपर्यंत गोल पोटावर चढला, आरतीला झांजा वाजवू की खाजवू अशी गत.

डॉक्टरनी ब्लेडने कोंडा खरवडला, काचेवर थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं, बुरशी. नायटा रे! म्हणाले, स्टिरॉइडने लाली-सूज दबते, म्हणजे बुरशीशी भांडणारी अंगातली तुझीच माणसं तू झोपवलीस, बुरशी निवांत चरत सुटली. वर जांघेत जांभळट पट्टे पडलेत ते वेगळेच, फिके होतील पण जायचे नाहीत. आता नायट्याच्या गोळ्या चालू आहेत, आठवडे झाले.

पण म्हणून स्टिरॉइडलाच घाबरून बसू नकोस, आमची आई आता भाचीच्या कोपराच्या एक्झिमाला डॉक्टरने दिलेलं साधं हायड्रोकॉर्टिसोनसुद्धा लावू देईना, तेही चूकच, ते अगदी सौम्य असतं.

तुझ्या फोटोत कड लाल नि मधे साफ दिसतंय, माझं सुरुवातीला अस्संच होतं. डॉक्टरला दाखव, आणि आधी काय काय चोपडलंस ते लाजू नको, सांग. फोटो मी डिलीट केलाय, हिने बघितला असता तर काय सांगितलं असतं?

तुझा,
पक्या