टॅक्स माणसाला लागतो, घराला नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी मानेवाड्याला राहतो अन् ओळखीपाळखीच्या लोकांचे रिटर्न भरून देतो, सीए वगैरे काही नाही, बी.कॉम. करून एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब लिहिण्यात वीस वर्षं गेली एवढंच. 2025 च्या बजेटमध्ये बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ झाला तेव्हापासून जो तो येऊन विचारतो, भाऊ आता आपलं झिरोच ना? त्या वर्षी तर मजाच झाली, भरायचं होतं आधीच्या वर्षाचं रिटर्न म्हणजे स्लॅब जुनेच, पण लोक ऐकतच नव्हते, टीव्हीवर तर सांगितलं म्हणे.

आता आकडे सांगतो, सगळे नव्या रिजीमचे (म्हणजे दर कमी, पण बहुतेक सवलती नाहीत अशी पद्धत), स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे पगारातून मिळणारी ठरलेली वजावट काढल्यावरचे, सेस सोडून. आठ लाखवाल्याचे 30 हजार वाचले, बारावाल्याचे 80 हजार. चांगलंच आहे, नाही कोण म्हणतं. पण तेरावाल्याचे वाचले फक्त 25 हजार, कारण बारा ओलांडले की टॅक्स शून्य करणारी 87ए कलमाची सूट हातची जाते. अन् पन्नासवाल्याचे 1 लाख 10 हजार (टक्क्यात पाहिलं तर त्याला ते काहीच नाही, तेही खरं). सात लाखांच्या आतल्यांना आधीच टॅक्स नव्हता, त्यांना ठेंगा. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, कोपऱ्यावरचा तर्री-पोहेवाला, हिंगणा एमआयडीसीत ठेक्यावर जाणारी पोरं, सगळे यातलेच. त्यांचा टॅक्स जातो साबणात अन् पेट्रोलमध्ये. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल 18 वरून 5 टक्क्यांवर आलं ते त्यांच्या कामाचं होतं, पेट्रोल मात्र जीएसटीत नाहीच.

पण माझं दुखणं वेगळं आहे. तिसऱ्या मजल्यावर नवराबायको दोघंही मिहानमधल्या कंपन्यांत, दोघांचे बारा-बारा, घरात चोवीस लाख येतात अन् टॅक्स शून्य. समोरच्या फ्लॅटमधला भाऊ एकटा कमावतो, सोळा लाख, वडलांना पॅरालिसिस म्हणून वहिनीनं शाळेतली नोकरी सोडली, दोन पोरं शिकताहेत. त्याला टॅक्स 1 लाख 20 हजार. म्हणजे घरात आठ लाख कमी येतात, खाणारी तोंडं जास्त, अन् टॅक्स त्यालाच! आता दोघं नोकरी करतात तर स्वयंपाकवाली, पाळणाघर, दोन गाड्या असा त्यांचाही खर्च आहेच, त्यांच्यावर माझा राग नाही बावा. पण कायदा घर पाहतच नाही, माणूस पाहतो. एचयूएफ, म्हणजे हिंदू एकत्र कुटुंबाचं वेगळं रिटर्न, आहे म्हणाल तर त्यात नोकरीचा पगार दाखवता येत नाही. जुन्या रिजीममध्ये वडलांच्या औषधपाण्यासाठी 80डी कलमाची वजावट मिळते, मी तेही लावून पाहिलं, बचतीवरच्या 80सी चे दीड लाख पण धरले, तरी टॅक्स सव्वादोन लाखांच्या वर जातो, मग काय, नवीनच घ्यावी लागते अन् तिथं औषधाच्या पावत्यांना कोणी विचारत नाही. वहिनीनं पावत्यांची पिशवी आणून टेबलावर ठेवली होती, मी तशीच परत दिली.

नवराबायकोचं मिळून एकच रिटर्न भरायची सोय द्या असं सीए लोकांच्या संस्थेनं, म्हणजे आयसीएआयनं, 2025 च्या बजेटआधीच सुचवलं होतं. त्याचं पुढं काही झालं नाही. सक्ती नका करू, नाहीतर दोघं कमावणाऱ्यांचं नुकसान होईल, पण ऑप्शन तरी ठेवा, जुनी-नवी रिजीम जशी निवडता येते तसं हेही ज्याचं त्यानं ठरवावं. दर बजेटला बारा लाख, बारा लाख चालतं त्यापेक्षा तुमच्या पेपरनं यावर दोन ओळी लिहाव्या.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर